महानगरात एक दिवस पायी

गेल्या आठवड्यात एक शेतकरी दवाखान्यात आले. साठी उलटलेली, रक्तातली साखर वाढलेली. मी नेहमीप्रमाणे म्हटले, "रोज चालत जा." ते हसले. "डाक्टरसायेब, आमी तं दिसभर वावरात चालतो. मंग आमाले शुगर कायले झाली? अन् तुमी सोता किती चालता?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना तिथेच दिले. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मात्र जीभ अडखळली. कारण नुकताच मी एक दिवस भरपूर चाललो होतो, आणि त्या दिवशी डॉक्टर असूनही दोन मोठ्या चुका करून बसलो होतो. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण माझ्यासाठीच झाली असावी. त्या दिवसाची हकीकत आज सांगतो. शेगावची पायी वारी करणारे, मुलांकडे पुण्या-मुंबईला जाणारे आणि घरात मधुमेहाचा रुग्ण असणारे अशा सर्वांच्या ती उपयोगी पडेल.

पिशवीशिवाय मुंबई

दर्यापूरला पस्तीस वर्षे दवाखाना चालवताना मी मुंबईला पंचवीस-तीस वेळा तरी गेलो असेन. प्रत्येक वेळी हातात कुणाच्या तरी रिपोर्टची पिशवी आणि सोबत रुग्णाचा घाबरलेला मुलगा. स्टेशनवरून टॅक्सी, रुग्णालय, औषधाचे दुकान आणि रात्रीची परतीची गाडी. मुंबई मी पाहिलीच नव्हती. या ऑक्टोबरात ठरवले की एकट्याने जायचे आणि दिवसभर पायी हिंडायचे.

मूर्तिजापूरला रात्रीची गाडी धरली आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. प्रतीक्षालयात अंघोळ केली, बॅग क्लोक रूममध्ये ठेवली. मला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळची गोळी घेतली, त्यावर बिनसाखरेचा चहा आणि दोन बिस्किटे. म्हटले, पोट हलके असले की चालायला बरे. दुपारी गिरगावात पोटभर जेवू. मुलाने प्रवासासाठी म्हणून घेऊन दिलेले नवे कोरे बूट पायात घातले आणि आठच्या सुमारास निघालो.

पहिली चूक पोटात होती, दुसरी पायात. दोन्ही मला त्या वेळी दिसल्या नाहीत.

चालताना दिसलेले शहर

पायी चालणाऱ्याला शहर वेगळे दिसते. ज्या स्थानकातून मी आजवर घाईने बाहेर पडत होतो, ती इमारत १८८८ साली पूर्ण झाली आणि २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्या दिवशी प्रथमच समोरच्या पदपथावर उभा राहून तिच्या दगडातले मोर, माकडे आणि पानेफुले पाहिली. तिथून हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांच्या स्मारकासमोर दोन मिनिटे थांबलो. मग काळा घोडा आणि गेटवे ऑफ इंडिया. १९२४ साली ही कमान खुली झाली. कबुतरे, फोटोवाले आणि खारा वारा. तिथून मागे वळून ओव्हल मैदान, समोर १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर. मैदानात मुले क्रिकेट खेळत होती. शेवटी मरीन ड्राइव्ह.

साडेदहा-पावणेअकरा झाले होते. मन प्रसन्न होते. मोबाइलमधले यंत्र आठ हजारांच्या वर पावले दाखवत होते.

इथे पावलांविषयी थोडे सांगतो. 'रोज दहा हजार पावले' हा आकडा कुठल्या वैद्यकीय ग्रंथातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले. त्याचे नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचे होते. तिथून हा आकडा जगभर पसरला. पुढे जे संशोधन झाले त्यात असे दिसले की साठी ओलांडलेल्यांना सहा ते आठ हजार पावलांतही बहुतेक फायदा मिळतो, आणि अगदी बसून राहणाऱ्याने दोन-तीन हजार पावले वाढवली तरी उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. मध्यम श्रम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग.

पस्तीस अंश आणि पंचेचाळीस अंश

त्या दिवशी मुंबईचे तापमान पस्तीसच्या आसपास असावे. मी मनात हसलो. मे महिन्यात पंचेचाळीस अंश झेलणारी आम्ही वऱ्हाडातली माणसे. खारपाणपट्ट्यात जन्म गेला, तहान काय ते आम्हाला कुणी शिकवायचे? पण हा हिशेब चुकीचा होता.

घाम आला म्हणजे शरीर थंड होते, असे आपण समजतो. खरे तर घाम सुकला तरच शरीर थंड होते. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण सुकला तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते. घाम येतो आणि लगेच उडून जातो. म्हणून सदरा कोरडा राहतो, पण शरीरातले पाणी मात्र नकळत कमी होत जाते. मुंबईच्या हवेत मुळातच बाष्प भरलेले. तिथे घाम सुकत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जाते, थंडावा मिळत नाही. म्हणून दमट हवेतले पस्तीस अंश शरीराला बरेच जड जातात. वऱ्हाडी माणसाने कोकणपट्टीत गेल्यावर नुसत्या तापमानाच्या आकड्यावर जाऊ नये.

माझा सदरा पाठीला चिकटला होता. मला वाटले, ही मुंबईची हवा. आणि इथेच मी फसलो.

कठड्यावरची पंधरा मिनिटे

चौपाटी दिसू लागली तेव्हा पाय जड झाले. छातीत धडधड होत होती. समोरच्या पाटीवरची अक्षरे वाचता येत होती, पण अर्थ लागत नव्हता. मी समुद्राकडच्या कठड्यावर बसलो. घामाने नुसता भिजलो होतो. उकाडा आहे, जरा बसले की बरे वाटेल, अशी मनाची समजूत घातली.

पाठीवर दप्तर घेतलेला एक कॉलेजचा मुलगा थांबला. "काका, बरं वाटत नाहीये का?"

मी त्याच्यावर चक्क खेकसलो. "काही नाही. उकाडा आहे. जा तू."

तो गेला नाही. म्हणाला, "तुमचे हात थरथरतायत."

मी हातांकडे पाहिले. बोटे खरोखरच थरथरत होती. घाम थंडगार होता. आणि विनाकारण चिडचिड! ही लक्षणे मी स्वतः किती रुग्णांच्या नातेवाइकांना पाठ करून दिली आहेत. गोळी पोटात, पोट रिकामे आणि तीन तासांची चाल. माझ्या रक्तातली साखर उतरली होती, आणि मी तिला मुंबईचा उकाडा समजत होतो.

"बाळा," मी म्हटले, "मला साखर पाहिजे. लवकर."

खिशात साखरेची पुडी असावी, हे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. माझी पुडी बॅगेत होती. बॅग क्लोक रूममध्ये होती. साखर तपासायचे यंत्रही तिथेच. तो मुलगा धावत जाऊन चौपाटीवरून लिंबू सरबत घेऊन आला. "मीठ नको सांगितलं, साखरच जास्त टाकायला लावली," म्हणाला. मी ते प्यालो. तो शेजारी बसून राहिला. साधारण पंधरा मिनिटांनी हाताची थरथर थांबली, पाटी वाचता आली. ती नाना-नानी पार्ककडे जाण्याची साधी पाटी होती. मग त्याने दप्तरातले बिस्किटांचे पुडके माझ्या हातात ठेवले आणि सरबताचे पैसे न घेता निघून गेला. नाव विचारायचेही मला सुचले नाही.

नंतर जो विचार आला त्याने मात्र अंगावर काटा आला. मी तिथेच बेशुद्ध पडलो असतो तर? खिशात पैसे होते, तिकीट होते. पण मी कोण, मला मधुमेह आहे, घरचा फोन कोणता, हे सांगणारा कागदाचा कपटाही नव्हता. मोबाइल होता, पण कुलूप लावलेला. उन्हात पडलेल्या घामाघूम म्हाताऱ्याकडे पाहून लोकांनी डोक्यावर पाणी ओतले असते. साखर कुणाच्या ध्यानात आली असती?

साखर का उतरते?

चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. मधुमेहात चालणे गुणकारी ठरते ते यामुळेच. पण इन्सुलिन आणि काही गोळ्या शरीराला साखर खाली आणायला आधीच भाग पाडत असतात. त्यात जेवण टळले आणि चाल वाढली की तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजावी. हा परिणाम चाल थांबल्यावरही काही तास टिकतो. खूप चाललेल्या दिवशी रात्री झोपेतही साखर उतरू शकते. सगळ्याच गोळ्यांनी असे होत नाही. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फार कमी. आपली गोळी कोणत्या जातीची आहे, हे प्रत्येक रुग्णाने आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

उपाय सोपा आहे. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्यावे, पंधरा मिनिटे थांबावे, बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच घ्यावे. बरे वाटल्यावर पोळी, बिस्किटे असे काही खावे, नाहीतर साखर पुन्हा उतरते. तपासायला यंत्र नसेल तर साखर कमीच आहे असे धरून चालावे. थोडी जास्त झाली तर तासाभरात नुकसान नाही, कमी राहिली तर आहे. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर झोपवावे आणि १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून विनामूल्य मिळते.

प्लेगच्या गल्ल्यांतून

गिरगावात जेवलो, तासभर बसलो आणि मग सावलीसावलीने ठाकूरद्वारवरून धोबीतलावाकडे निघालो. वाटेत जुनी प्रिन्सेस स्ट्रीट लागली, आता तिला शामलदास गांधी मार्ग म्हणतात. हा रस्ता इतका रुंद आणि सरळ समुद्राकडे का, याचा मी कधी विचार केला नव्हता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीत, काळोख्या चाळींत माणसे पटापट दगावली. मांडवी भागातला तो आजार प्लेग आहे, हे प्रथम ओळखले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमाच्या चौकाजवळ उभा आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी इथेच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८ साली शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती फोडून समुद्राची हवा आत खेळावी म्हणून असे रस्ते काढले गेले.

हाफकिन यांचे मला फार वाटले. स्वतःवर आधी प्रयोग करणारा तो शास्त्रज्ञ, आणि स्वतःचे नियम स्वतःला लागू नाहीत असे मानणारा मी.

न दुखलेला फोड

संध्याकाळी स्थानकावर परत आलो. बारा किलोमीटरच्या वर चाल झाली होती. पाय थकले होते, पण दुखत कुठेच नव्हते. प्रतीक्षालयात बूट काढला तर उजव्या मोज्यावर रक्ताचा डाग. मोजा काढला. अंगठ्याखालच्या उंचवट्यावर रुपयाच्या नाण्याएवढा फोड येऊन फुटला होता, कातडी सुटली होती.

मला काहीही कळले नव्हते. वाचकहो, त्या दिवशी मी खरा घाबरलो तो कठड्यावर नाही, इथे.

दुखणे आपला शत्रू आहे असे आपल्याला वाटते. पण पायाला दुखणे हा राखणदार आहे. खडा रुतला की तो ओरडतो, आपण पाय उचलतो. बरीच वर्षे मधुमेह राहिला की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि राखणदार झोपी जातो. मग बूट चावतो, चटका बसतो, काटा मोडतो आणि माणूस त्यावरच चालत राहतो. छोटी जखम चिघळते, पू हाडापर्यंत जातो. बोट किंवा पाय कापावा लागलेले रुग्ण माझ्याकडे आले आहेत. बहुतेकांची सुरुवात अशाच फोडाने झाली होती, आणि बहुतेकांचे पहिले वाक्य एकच होते : "दुखत तं नव्हतं, डाक्टरसायेब."

गावी आल्यावर पायाची रीतसर तपासणी करून घेतली. नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवून ती करतात. डोळे मिटून 'कळले' म्हणायचे. माझ्या उजव्या पायाच्या तीन जागी तंतू टेकला आणि मी गप्प होतो. जखम भरायला पाच आठवडे लागले. त्या काळात चालणे बंद, पाय वर करून बसायचे. घरच्यांनी जे ऐकवले ते इथे लिहीत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी असल्याचा अंदाज दिला आहे. वर्षातून एकदा पायाची अशी तपासणी त्या प्रत्येकाला हवी. तिला पाच मिनिटे लागतात.

चालणाऱ्यांसाठी

शहर पाहायला जा किंवा पायी वारीला, पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. नवे बूट-चप्पल प्रवासात प्रथम घालू नका. आधी घरी रोज अर्धा तास, मग एक तास असे करून ते रुळवा. खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी.

२. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा पाहा. मोजे स्वच्छ, कोरडे आणि घट्ट रबर नसलेले असावेत. घामाने भिजले तर बदला.

३. दर दोन तासांनी बसून पाय उघडा करून पाहा. तळवा दिसत नसेल तर आरसा घ्या किंवा सोबतच्याला दाखवा. लाल झालेली जागा म्हणजे उद्याचा फोड.

४. फोड आल्यास फोडू नका. स्वच्छ पाणी-साबणाने धुऊन कोरडी पट्टी बांधा. हळद, तंबाखू, चुना लावू नका. मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बधिर पाय गरम पाण्यात कधीच बुडवू नका.

५. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले की जेवण टाळू नका. जास्त चालायचे असेल त्या दिवशी डोस कमी करायचा का, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मनाने औषध बंद करू नका.

६. साखर किंवा ग्लुकोजची पुडी सदऱ्याच्या खिशात ठेवा, बॅगेत नव्हे. स्त्रियांनी ती कमरेच्या बटव्यात ठेवावी.

७. एका कागदावर नाव, गाव, आजार, औषधे आणि घरचा फोन मराठीत व हिंदीत लिहून पाकिटात पैशांच्या पुढे ठेवा. एकट्या माणसासाठी हाच सोबती.

८. पाणी थोडे थोडे, तहान लागण्याच्या आधी प्या. भरपूर घाम आला असेल तर मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस घ्या. मधुमेह, रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मीठ, साखर व पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावे.

९. भगिनींना विशेष सांगणे. शौचालय मिळणार नाही म्हणून प्रवासात पाणी न पिणे ही आपल्याकडची जुनी सवय. त्याने लघवीचा जंतुसंसर्ग होतो, उन्हाचा त्रासही वाढतो. यात दोष तुमचा नाही, सोय न करणाऱ्यांचा आहे. मुंबईत २०११ पासून महिला संघटना याच प्रश्नावर चळवळ करीत आहेत. पण तोवर पाणी सोडू नका. निघतानाच स्थानके, बसस्थानके, मोठ्या बागा कुठे आहेत ते विचारून घ्या.

१०. कोरड्या उन्हात असो वा दमट हवेत, चक्कर, डोकेदुखी, मळमळ वाटली तर सावलीत बसा, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसा. भ्रम झाला किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजून लगेच रुग्णालयात न्या.

तर चालायचे की नाही?

एवढे वाचून कुणी म्हणेल, त्यापेक्षा घरी बसलेले बरे. तसे मुळीच नाही. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले आपले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव पायी हिंडले. शरीर चालण्यासाठीच घडले आहे. माझा दोष चालण्यात नव्हता, तयारीवाचून चालण्यात होता.

त्या शेतकऱ्यांना मी सांगितले ते असे. वावरातले चालणे वाया गेलेले नाही. ते नसते तर साखर कदाचित दहा वर्षे आधी आली असती. पण वय, घराण्यातली खोड आणि खाणेपिणे यांचाही त्यात वाटा असतो, म्हणून चालण्यासोबत औषध लागते. आणि आता औषध सुरू झाले आहे, तेव्हा उपाशीपोटी वावरात जायचे नाही, अनवाणी तर नाहीच. पऱ्हाटीचा खुंट लागला तरी कळणार नाही अशी वेळ येऊ शकते. मग त्यांना टेबलावर बसवून दोन्ही पाय तपासले. डाव्या टाचेत एक काटा मोडलेला होता. कधीचा, ते त्यांना माहीत नव्हते.

काटा काढला, पट्टी बांधली. जाताना त्यांनी दारातून वळून विचारले, "अन् तुमचा पाय?"

भरला आहे. फेब्रुवारीत पुन्हा मुंबईला जाणार आहे, या वेळी राणीच्या बागेकडून परळपर्यंत. जुने बूट, भरपेट न्याहारी आणि खिशात साखर. त्या कठड्यावर तो मुलगा पुन्हा भेटेल अशी आशा नाही. भेटला तर सरबताचे पैसे द्यायचे आहेत.

पुढील आठवड्यात : पायाच्या जखमेची घरच्या घरी निगा कशी राखावी.